लसीका-कोशिका आणि ‘स्टिरॉइड-प्रतिरोध’

1948 साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णास कॉर्टिसोन दिले आणि स्टिरॉइड-चिकित्सेचा प्रारंभ झाला. या औषधांनी उंदराच्या लसीका-कोशिका मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात. माणूस व माकड या नरवानर गणातील प्राण्यांत तसे घडत नाही. म्हणून या प्राण्यांना ‘स्टिरॉइड-प्रतिरोधी’ ही संज्ञा मिळाली. ती कोशिकांच्या नाशापुरतीच खरी होती. एका मात्रेनंतर मानवी लसीका-कोशिका काही तासांतच रक्ताबाहेर, विशेषतः अस्थिमज्जेत, जातात व सुमारे एका दिवसात परततात, हे 1970 नंतरच्या संशोधनाने दाखविले. प्रतिरोध म्हणजे अभय नव्हे. 2021 साली नवी मुंबईसह महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस बळावला, तेव्हा त्याचे अनेक रुग्ण मधुमेही आणि स्टिरॉइड घेतलेले कोविडग्रस्त होते.