वेगाचे मोल आणि घाटाची साक्ष

वेगाने पळणारी वस्तू, मग ती रक्तामांसाची असो वा लोखंडाची, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते तेव्हा तिची वाजवी किंमत कोणती, हा प्रश्न कोकणपट्टीला मोटारीने प्रथम घातला असे नाही. मोटार येण्यापूर्वी निदान चार शतके तो घोड्याच्या रूपाने या किनाऱ्यावर उतरत होता. विजयनगरचा साळुव नरसिंह होर्मुझ व एडन येथून येणारे घोडे इतक्या अगत्याने खरेदी करी की, समुद्रप्रवासात मेलेल्या घोड्याचे नुसते शेपूट हजर केले तरी व्यापाऱ्यास जिवंत घोड्याची रक्कम आदा होत असे, असे फर्नांव नुनीज या पोर्तुगीज अश्वव्यापाऱ्याने सोळाव्या शतकात लिहून ठेवले आहे. पुढे 1510 मध्ये गोवा हस्तगत केल्यावर, हा व्यापार आपल्याच बंदरातून व्हावा आणि त्याची जकात आपल्याच खजिन्यात पडावी म्हणून पोर्तुगीजांनी जो आटापिटा केला तो इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे. शेपटावर किंमत मोजणारे गिऱ्हाईक मात्र विकणाऱ्यांना पुन्हा लाभले नाही. मराठी मुलुखातला जाणता खरेदीदार दातांवरून वय ओळखी, चालीवरून खोड ओळखी आणि अंगावरचे भोवरे पाहून शुभाशुभ ठरवी. देवमण हा शुभ भोवरा असला की किंमत चढे, आणि एखादा भोवरा अशुभ निघाला की उमद्या जनावराचाही भाव उतरे. त्यात शास्त्र किती आणि समजूत किती हा वाद बाजूला ठेवला तरी एवढे खरे की, किंमत ठरवताना मालाइतकाच लोकांच्या मनातला समज मोजावा लागतो.

आज ज्यास आपण सिंधुदुर्ग जिल्हा म्हणतो तो 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याआधीची कित्येक दशके मालवण, देवगड, वेंगुर्ले ही बंदरे मुंबईशी जोडलेली होती ती आगबोटीने, आणि पावसाळ्यात तीही बंद. मोटार असणाऱ्यास देशावर जायचे तर फोंडा, करूळ, भुईबावडा किंवा आंबोली यांपैकी एखादा घाट चढण्यावाचून गत्यंतर नसे. सपाट मुलुखातल्या खरेदीदारास गाडीची जी खोड महिनोन्महिने कळत नाही, ती इथल्यास एका चढणीत कळे, कारण सह्याद्री कोणाची भीड ठेवीत नाही. दलालाचे वर्णन, मालकाच्या आणाभाका आणि नव्या रंगाची झळाळी यांपेक्षा या पट्टीत घाटाची साक्ष अधिक ग्राह्य मानली जाते, ती यामुळे.

स्वातंत्र्यानंतरच्या काळाने या व्यवहारात एक मौजेचा पेच निर्माण केला. शिवडीचा जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना 1954 मध्ये बंद झाला, परदेशी मोटारींची वाट बुजली, आणि अँबॅसिडर, फियाट व स्टँडर्ड या तीन घराण्यांवर साऱ्या देशाने गुजराण करावी असा बंदोबस्त झाला. 1959 च्या नियंत्रण आदेशाने नव्या मोटारीच्या वाटपावर सरकारी हुकमत आली आणि कोट्यातून मिळालेली गाडी ठराविक मुदतीपर्यंत परवानगीवाचून विकण्यास मनाई झाली. 1969 मध्ये तर नव्या मोटारीची किंमतही कायद्याने बांधून टाकण्यात आली, आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीसह कारखानदारांनी दाद मागितली तेव्हा ‘वाजवी किंमत’ म्हणजे काय याचा हिशोब सर्वोच्च न्यायालयाला करावा लागला. परिणाम असा की, नव्या फियाटची किंमत सरकार ठरवी, पण ती मिळण्यास वर्षे लागत. जुनी फियाट आज मिळे, पण तिची किंमत ठरवणारा कोणीच नसे, आणि म्हणून वापरलेली गाडी कित्येकदा कोऱ्या गाडीहून महाग पडे. झीज होऊन वस्तूचे मोल वाढावे, हा चमत्कार आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिला आहे.

या पट्टीच्या दक्षिणेस तर दुसराच बाजार होता. 1950 नंतर खनिज लोहाच्या निर्यातीने गोव्यात पैसा खेळू लागला आणि पोर्तुगीज अमलाखाली, हिंदी निर्बंधांच्या कक्षेबाहेर, परदेशी मोटारी तेथे उतरत राहिल्या. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा सरहद्दीवरच्या बांद्यापलीकडे अशा मोटारी होत्या की ज्यांचे सुटे भाग यापुढे सुखासुखी येणार नव्हते. दिसण्यात देखणी, पळण्यात चपळ, पण मोडली तर पोरकी, अशा गाडीचे मोल कसे करावे? ज्याच्या ओळखीचा मिस्त्री लेथवर भाग घडवू शके त्याला ती स्वस्त, आणि इतरांना फुकटही महाग.

मिस्त्रीची परीक्षा हा खरोखर पाहण्यासारखा प्रकार असतो. सकाळी गाडी पाहायला गेल्यावर तो आधी बॉनेटवर आणि रेडिएटरवर तळहात ठेवतो. इंजिन गरम लागले तर ते आपण येण्यापूर्वी चालू करून ठेवले होते आणि थंड इंजिनाची खोड लपवायची होती, हे तो न बोलता मनात नोंदवतो. मग दार उघडून पायाखालचे मॅटिंग उचलतो, कारण खाऱ्या वाऱ्याने आणि तीन-चार महिन्यांच्या अखंड पावसाने पत्रा सडतो तो आधी तिथे, दाराच्या उंबऱ्याला आणि चाकांवरच्या कमानींना. स्क्रूड्रायव्हरचे टोक पत्र्यावर दाबले असता भसकन आत गेले की सौदा तिथेच अर्धा मोडतो. साधे लोहचुंबक दारावरून फिरवले की जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरली आहे, म्हणजे गाडी कधीतरी ठोकली आहे किंवा कुजली आहे. डिकीत मासळीच्या टोपल्या नेल्या असतील तर अत्तराने वास झाकता येतो, गळलेल्या खारवणाचा पत्र्यावरचा डाग झाकता येत नाही. एवढे झाल्यावर गाडी घाटाला लावायची. चढणीवर सायलेन्सरातून निळा धूर निघाला तर रिंगा गेल्या. उतरणीवर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताच निळा झोत आला तर व्हॉल्व्हच्या बाजूने ऑइल उतरते आहे. उतरताना गिअर आपोआप सुटला तर गिअरबॉक्स उघडावा लागणार. आणि इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी चढत नाही, तर क्लच संपला. घाट उतरून आल्यावर ब्रेकचा जळका वास येतो की नाही, ही शेवटची साक्ष.

या साक्षींतून जो आकडा निघतो तोच माझ्या मते खरा भाव: मागितलेल्या रकमेतून पुढल्या दोन पावसाळ्यांचा दुरुस्तीखर्च वजा केला म्हणजे जे उरते ते. वेगवान गाडीच्या बाबतीत ही वजाबाकी अधिक कठोर करावी लागते. 1983 पासून यामाहाच्या सहकार्याने निघालेली 347 सीसीची राजदूत साडेतीनशे ही मोटारसायकल तरुणांच्या स्वप्नात होती. पण तिची पेट्रोलची तहान आणि भागांची वानवा यांनी धास्तावलेल्या मालकांनी ती कवडीमोलाने काढून टाकली, आणि ज्यांनी जतन केली त्यांच्या दाराशी आज हौशी लोक तोंड मागेल ती किंमत घेऊन उभे राहतात. 2004 मध्ये आलेल्या दीडशे अश्वशक्तीच्या ऑक्टाव्हिया आरएस या मोटारीची कथा तीच, फक्त आकडे मोठे. अशी गाडी एकहाती वापरलेली असली तरी तो हात कसा होता हे विचारावे. कारण टर्बो असलेले इंजिन थंड असतानाच पिटाळणारा पहिला मालक चार सावध मालकांहून वाईट.

नावाचा भाव हा आणखी निराळा. कुडाळ तालुक्यातल्या तेंडोलीचे नाव आडनावात वागवणाऱ्या सचिन तेंडुलकरांना, ब्रॅडमनच्या 29 शतकांशी बरोबरी केल्याबद्दल, 2002 मध्ये फेरारी 360 मोडेना भेट मिळाली. तिच्यावरील सुमारे 1 कोटी 13 लक्ष रुपयांचे आयातशुल्क सरकारने माफ केले, त्यावर गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि अखेर ते शुल्क गाडी भेट देणाऱ्या कंपनीने भरले. 2011 मध्ये ती गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली. त्या सौद्यात यंत्राचे किती, शुल्काचे किती आणि नावाचे किती, याची फोड कोणत्याही मिस्त्रीला घाट चढवून करता आली नसती. भोवऱ्यांचा बाजार अजून उठलेला नाही, एवढाच याचा अर्थ.

सामान्य गिऱ्हाइकाला मात्र नावापेक्षा कागदाची चिंता अधिक असावी. गोवा पासिंगची गाडी सिंधुदुर्गाच्या एमएच-07 क्रमांकाच्या गाडीपेक्षा स्वस्त दिसते, त्याचे एक कारण दोन राज्यांच्या करांतील तफावत हे आहे, आणि ती तफावत पुढे आपल्याच खिशातून भरून निघते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनास नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो. तेव्हा आर.सी. बुकावर कोणा बँकेचा बोजा शिल्लक आहे काय, इंजिन व चासीचे क्रमांक कागदाशी जुळतात काय, आणि पंधरा वर्षांच्या नोंदणीपैकी किती वर्षे उरली आहेत, हे पाहिल्याखेरीज वाचकांनी बांद्याच्या नाक्यापलीकडे बयाणा देऊ नये.