सोर्स कोडपासून ‘मेसा’ची उभारणी

त्रिमितीय खेळ असो, इमारतीचा आराखडा असो की हवामानाचा फिरता नकाशा, संगणकाच्या पडद्यावरची प्रत्येक रेषा आणि छटा ग्राफिक्स कार्डाकडून काढून घ्यावी लागते. प्रत्येक कार्डाची भाषा निराळी. ती प्रोग्रामरला दर वेळी नव्याने शिकावी लागू नये, म्हणून मध्ये तयार आज्ञांचा एक संच असतो. त्याला ग्राफिक्स लायब्ररी म्हणतात. लिनक्सवर हे काम प्रामुख्याने ‘मेसा’ करते. बहुतेक लिनक्स वितरणांत ती आयती मिळते. तरीही मूळ संहितेपासून, म्हणजेच सोर्स कोडपासून ती उभारण्याची वेळ काहींवर येते.

छंदातून जन्म

सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकन कंपनीने १९९२ मध्ये ‘ओपनजीएल’ हे मानक जाहीर केले. त्यातील आज्ञा पाळणारी लायब्ररी ब्रायन पॉल यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये फावल्या वेळात लिहायला घेतली. ती इंटरनेटवर वाटण्यासाठी नोव्हेंबर १९९४ मध्ये त्यांनी कंपनीकडे परवानगी मागितली आणि वाटाघाटींनंतर ती मिळाली. फेब्रुवारी १९९५ मध्ये ‘मेसा १.०’ प्रसिद्ध झाली. थोड्याफार लोकांना तिच्यात रस वाटेल अशी पॉल यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात वापरणारे हजारोंनी निघाले.

खटाटोप कशासाठी?

बाजारात नुकत्याच आलेल्या कार्डासाठीचे ड्रायव्हर मेसाच्या ताज्या आवृत्तीत असतात, मात्र वितरणात ती आवृत्ती पोहोचायला वेळ लागतो. जुन्या कार्डांची अडचण याच्या उलट आहे. २०२२ च्या २२.० या आवृत्तीतून जुन्या धाटणीचे ड्रायव्हर काढून टाकण्यात आले. एटीआयची रेडिऑन ८५०० सारखी कार्डे त्यामुळे मुख्य धारेबाहेर गेली. हे ड्रायव्हर ‘अँबर’ या वेगळ्या शाखेत जपून ठेवलेले आहेत. वितरणाने ती शाखा दिली नसेल, तर स्वतः बांधणी करणे हाच मार्ग उरतो. संहिता खुली असल्यामुळेच तो मार्ग मोकळा आहे. एरवी चालते यंत्र केवळ सॉफ्टवेअरअभावी अडगळीत गेले असते.

पूर्वतयारी

बांधणी अडते ती बहुधा इथेच. सी आणि सी++ या भाषांचे कम्पायलर, पायथॉन आणि त्याचे ‘माको’ हे मोड्यूल, ‘बायसन’ व ‘फ्लेक्स’ ही साधने आणि ‘लिबडीआरएम’ ही लायब्ररी जवळ असावी लागते. एएमडीच्या कार्डांसाठी साधारणपणे ‘एलएलव्हीएम’ लागते, तर एनव्हिडियासाठीच्या ‘एनव्हीके’ या ड्रायव्हरला रस्ट भाषेचा कम्पायलरही लागतो. एखादी लायब्ररी संगणकावर असणे पुरेसे नसते; तिच्या हेडर फाइलीही लागतात. डेबियनमध्ये त्या ‘डेव्ह’ आणि फेडोरामध्ये ‘डेव्हल’ अशा शेपटाच्या वेगळ्या पॅकेजमधून येतात. नवख्यांची सर्वाधिक फसगत होते ती या भेदामुळे. डेबियन व उबुंटूमध्ये ‘बिल्ड-डेप’ या एकाच आज्ञेने सारी सामग्री गोळा करता येते. मात्र त्यासाठी सोर्स पॅकेजांचे भांडार आधी सुरू केलेले असावे लागते.

तीन पायऱ्या

पूर्वी मेसाची बांधणी ‘ऑटोटूल्स’ने होत असे, २०१९ च्या १९.१ या आवृत्तीपासून त्यांची जागा ‘मेसन’ने घेतली. जुन्या पुस्तकांतील ‘कॉन्फिगर’ व ‘मेक’ या आज्ञा त्यामुळे आता उपयोगी पडत नाहीत. पहिल्या पायरीवर मेसन संगणकाची तपासणी करून बांधणीचा आराखडा आखते. काही कमी असल्यास तिथेच थांबून त्याचे नाव सांगते. ती वस्तू बसवून पुन्हा आज्ञा द्यायची. याच वेळी केवळ आपल्या कार्डाचे ड्रायव्हर निवडले, तर वेळ बराच वाचतो. रोजच्या वापरासाठी बांधणीचा प्रकार ‘रिलीज’ ठेवावा. दुसऱ्या पायरीवर ‘निन्जा’ प्रत्यक्ष बांधणी करते आणि तिसऱ्या पायरीवर तयार फाइली जागेवर बसवते.

जागेची निवड

खरी जोखीम शेवटच्या पायरीत आहे. वितरणाने दिलेल्या मेसावरच नवी बांधणी बसवली आणि तिच्यात खोट निघाली, तर डेस्कटॉपच उघडत नाही. दुरुस्ती अक्षरी पडद्यावरून करावी लागते. शिवाय वितरणाच्या पुढच्या अद्ययावतीकरणात दोन्हींची सरमिसळ होते ती वेगळीच. म्हणून आराखडा आखतानाच ‘प्रीफिक्स’ या पर्यायात आपल्या होम फोल्डरमधील स्वतंत्र जागा द्यावी. ‘एलडी लायब्ररी पाथ’ या व्हेरिएबलमध्ये त्या जागेचा पत्ता घातला, की हवा तो प्रोग्राम नव्या लायब्ररीवर चालतो. बाकीची व्यवस्था जुन्यावरच राहते. प्रयोग फसला तर ते फोल्डर पुसले की काम भागते.

पडताळणी

‘जीएलएक्स-इन्फो’ या आज्ञेने मेसाची आवृत्ती आणि चित्र काढणाऱ्या घटकाचे नाव दिसते. तिथे कार्डाऐवजी ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसले, तर चित्रांचा सारा भार मुख्य प्रोसेसर वाहतो आहे असे समजावे. अशा वेळी निवडलेले ड्रायव्हर आणि लिनक्सच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नेलमधील, त्या कार्डाचा आधार तपासावा. मेसा कर्नेलच्या बाहेर काम करते. कार्डाशी प्रत्यक्ष संवाद कर्नेलमार्फतच होतो. कर्नेलच कार्डाला ओळखत नसेल, तर मेसा कितीही नवी असली तरी तिचा उपयोग नाही.