शाश्वत जीवन आणि घागरभर पाणी

शाश्वत जीवन म्हणजे मृत्यूनंतर सुरू होणारे केवळ दुसरे आयुष्य नव्हे. पित्याला आणि त्याने पाठविलेल्या ख्रिस्ताला ओळखण्यात ते सामावलेले आहे, अशी योहानकृत शुभवर्तमानाची (१७:३) शिकवण आहे. बाप्तिस्म्याच्या वेळीच त्याचा आरंभ होतो. मृत्यूसमयी प्रत्येक आत्म्याचा न्याय होतो, अशी ख्रिस्तसभेची श्रद्धा आहे (धर्मशिकवण, परिच्छेद १०२२).

हा न्याय कशावरून होणार? मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायानुसार भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी आणि परक्याला आसरा दिला की नाही, यावरून.

खटाव तालुक्यातील वडूज येरळा नदीच्या काठी असले तरी हा सारा परिसर पर्जन्यछायेचा आहे. १९७२ व २०१२-१३ सालचे दुष्काळ येथील लोक विसरलेले नाहीत. अशा भूमीत तहानलेल्याला पाणी देणे ही केवळ उपमा उरत नाही. टँकरच्या रांगेत वृद्धेला पुढे जाऊ देणे, जात न विचारता घागर भरून देणे, विहिरीवरून भावकीत पडलेले वैर मिटविणे, ही स्वर्गाच्या वाटेवरील पावले आहेत.

नव्या पृथ्वीच्या आशेने या पृथ्वीची काळजी मंदावू नये, उलट वाढावी, असे द्वितीय व्हॅटिकन महासभेने १९६५ साली शिकविले (आधुनिक जगातील ख्रिस्तसभा, परिच्छेद ३९).

म्हणून भाविकांनी रोज रात्री विवेकपरीक्षण करावे, प्रायश्चित्त संस्कार वेळेवर स्वीकारावा आणि २ नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना करताना स्वतःच्या अंतिम दिवसाचेही स्मरण ठेवावे. त्या दिवशी प्रभू आपली घागर किती भरली हे विचारणार नाही. ती कोणासाठी रिती केली, हे विचारील.