कोंबडीचा चष्मा, कोंबडीची चोच

आजच्या भागात राजे-महाराजे नाहीत, लढाया नाहीत. आज कोंबड्या आहेत. आणि एक प्रश्न आहे, जो पोल्ट्रीवाल्यांना शंभरहून जास्त वर्षं छळतोय: कोंबडी कोंबडीला का खाते?

हो, खाते. शेडमध्ये हजारो कोंबड्या असतात. त्यातली एक शेजारणीच्या पाठीवरचं पीस उपटते आणि गिळते. मग दुसरं, तिसरं. कातडी उघडी पडते, रक्ताचा ठिपका दिसतो आणि बाकीच्या त्या लाल ठिपक्यावर तुटून पडतात. नुकत्याच अंडी घालायला लागलेल्या तलंगांची गुदाजवळची ओली, लाल जागा दिसली तर तिथेच टोचणं सुरू होतं. एकीचं बघून दुसरी शिकते. वेळीच आवरलं नाही तर मालकाला रोज सकाळी मेलेल्या कोंबड्या मोजाव्या लागतात.

यावर माणसाने काय काय करून पाहिलं, ती आजची गोष्ट.

सुरुवात चष्म्याने. खरंच! अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या म्युनिक नावाच्या गावच्या अँड्र्यू जॅक्सन ज्युनियर यांना 1903 साली कोंबडीच्या चष्म्याचं पेटंट मिळालं. (राष्ट्राध्यक्ष जॅक्सन वेगळे, ते तोवर कधीच गेले होते.) दुसरीने चोच मारली तर डोळा वाचावा, एवढाच त्या चष्म्याचा हेतू. पुढे कुणीतरी काचा लाल केल्या. लाल काचेतून सगळंच लाल दिसतं, मग रक्त वेगळं कळणार नाही, असा हिशोब. असे चष्मे अमेरिकेत लाखोंनी खपले.

चष्म्यानंतर कॉन्टॅक्ट लेन्स आल्या! 'ऑप्टिकल डिस्टॉर्शन' नावाची कंपनी कोंबड्यांच्या लेन्स विकायला निघाली. तुमच्यापैकी कुणी एमबीए करत असेल तर हे नाव कदाचित वर्गात ऐकलं असेल, कारण हार्वर्ड बिझनेस स्कूलची त्यावरची केस स्टडी मार्केटिंगच्या तासाला शिकवतात. केसमध्ये किंमत, ग्राहक, विक्री सगळं येतं. आपल्याला इथे विचारायचंय ते कोंबडीच्या डोळ्यांचं. 1980च्या दशकात हाच प्रयोग नव्या कंपनीने पुन्हा केला, तेव्हा डोळ्यांना जखमा झाल्याच्या तक्रारी आल्या आणि धंदा बसला.

टिकला तो तिसरा उपाय: चोचच कापायची. 1940च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोजवळ एका शेतकऱ्याने ब्लोटॉर्चने वरची चोच जाळून पाहिली. त्याच्या शेजाऱ्याने डाग द्यायच्या इस्त्रीला धार लावून तेच काम सोपं केलं. लवकरच त्याचं विजेवर चालणारं यंत्र निघालं आणि जगभर पसरलं. तापलेलं पातं पिलाच्या चोचीचं टोक कापतं आणि त्याच वेळी जखम जाळून बंद करतं. आपल्याकडच्या लेयर फार्मवरही हे नेहमीचं काम आहे. पिलं लहान असतानाच उरकतात.

"अहो, चोच म्हणजे नखच की, दुखतंय कुठे?" असं सर्रास म्हटलं जायचं. 1965 साली ब्रिटनमध्ये ब्रँबेल समितीचा अहवाल आला. त्यात स्पष्ट सांगितलं होतं की चोचीचं कठीण आवरण आणि आतलं हाड यांच्यामध्ये नाजूक, संवेदनशील थर असतो. नखाखालचं जिवंत मांस असतं ना, तसा. मग 1985 साली ब्रूअर्ड आणि गेंटल या संशोधकांनी दाखवलं की कापलेल्या चोचीत तुटलेल्या नसांच्या गाठी होतात आणि त्या नसा विचित्र संदेश पाठवत राहतात. अपघातात हात-पाय गमावलेल्या माणसाच्या नसांतही असंच घडतं.

आता गंमत बघा. चष्मा, लेन्स, कापलेली चोच, या तिन्ही उपायांत कोंबडीला गुन्हेगार धरलंय. तिचे डोळे झाका, हत्यार काढून घ्या. ती असं का करते, हे विचारायला मात्र फार उशीर झाला.

पुष्कळांना वाटतं की ही वर्चस्वाची मारामारी आहे. नॉर्वेच्या थॉरलाइफ शेल्डरूप-एबे यांनी लहानपणापासून कोंबड्यांचं निरीक्षण केलं आणि 1920च्या सुमारास त्यांच्यातली उतरंड जगापुढे मांडली. 'पेकिंग ऑर्डर' हा शब्द तिथूनच आला. पण ती भांडणं समोरासमोर होतात, घाव डोक्यावर बसतो आणि प्रकरण मिटतं. पिसं उपटणारी कोंबडी मागून येते, शांतपणे येते. रागाचा पत्ता नसतो.

मग ती करते काय? 1980च्या दशकात डच संशोधक ब्लॉकहाउस यांनी मांडलं की ती जमीन उकरतेय, फक्त जमिनीच्या जागी शेजारीण आहे. इंग्लंडमध्ये मेरियन डॉकिन्स यांनी प्राणिसंग्रहालयातल्या रानकोंबड्यांचं मिनिटामिनिटाचं टिपण ठेवलं. आयतं खाणं मिळत असूनही पाहिलेल्या मिनिटांपैकी सुमारे 60 टक्के मिनिटांत त्या जमिनीवर चोच मारताना दिसल्या. म्हणजे पोट भरलं तरी चोचीचं काम संपत नाही. जाळीच्या तळावर उभ्या असलेल्या कोंबडीला टोचायला उरतं काय? समोरची पिसं!

दुसरं उत्तर पैदाशीत सापडलं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे विल्यम म्यूर यांनी सर्वांत जास्त अंडी देणारी एकेकटी कोंबडी निवडायचं सोडून अख्खा पिंजरा निवडला: ज्या पिंजऱ्यातल्या बहिणी मिळून जास्त अंडी देतात आणि जास्त जगतात, त्यांची पिलं पुढे वाढवायची. चोची कापल्या नाहीत, उजेडही भरपूर ठेवला. 1996च्या त्यांच्या निबंधातले आकडे ऐका. वर्षभरातली मरतूक दुसऱ्या पिढीत 68 टक्के होती, चौथ्या पिढीत 8.8 टक्के. ठेवलेल्या प्रत्येक कोंबडीमागे अंडी 91 वरून 237 वर गेली. याचा अर्थ काय? एकटीला बघून निवड केली की शेजारणीला दाबून 'टॉपर' झालेलीही निवडली जाते. ऑफिसात असे टॉपर तुम्ही पाहिले असतीलच!

नॉर्वेने चोच कापण्यावर 1974 सालीच बंदी घातली. जर्मनीत 2015 साली सरकार आणि उत्पादकांनी करार करून ती थांबवायचं ठरवलं. ब्रिटनने मात्र बंदीची तारीख दोनदा जाहीर केली आणि दोनदा माघार घेतली. कारण खरं आहे: तयारी न करता चोच शाबूत ठेवली तर कोंबड्या एकमेकींना मारतात. नुसतं पिंजरा काढूनही भागत नाही, कारण मोठ्या मोकळ्या कळपात एका टोचणारीला शेकडो शेजारणी मिळतात.

तयारी म्हणजे काय? पहिल्या दिवसापासून पायाखाली भुसा किंवा तुसाची गादी, ती कोरडी आणि भुसभुशीत. टोचायला लसूणघासाच्या पेंढ्या. खाद्यात पुरेसं मीठ, प्रथिनं आणि तंतू, आणि खाद्यात एकदम बदल नको. बसायला उंच दांड्या. अंडी घालायला अंधारी खोकी. जखमी कोंबडी दिसली की लगेच वेगळी. यातली एकही गोष्ट रॉकेट सायन्स नाही. पण जागा, मजूर, वेळ सगळ्याला पैसा लागतो. गरम पात्याला काही सेकंद लागतात. स्वस्त अंड्याच्या किमतीत ते सेकंद धरलेले आहेत, त्या पिलाचं दुखणं धरलेलं नाही.

एकट्या शेतकऱ्याच्या माथी हे मारून चालणार नाही. अंड्यामागे काही पैसे सुटणारा माणूस जादा खर्च कुठून काढणार? तो भार खाणाऱ्यानेही थोडा उचलायला हवा. म्हणून पुढच्या वेळी अंड्यांच्या खोक्यावर 'केज-फ्री' वाचलंत तर दुकानदाराला किंवा कंपनीला आणखी एक प्रश्न विचारा: चोच कापलेली आहे का? उत्तर लगेच मिळेलच असं नाही. पण प्रश्न वारंवार आला की कुणालातरी उत्तर शोधावं लागतं.

तुमच्या घरी किंवा गावी पोल्ट्री असेल तर तुमचा अनुभव मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!