बाळाची भीती आणि वॉर्डाची बंद दारे

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधल्या बहुतेक रुग्णालयांत आजारी मुलापाशी आईला राहू देत नसत. भेटीची मुभा अनेक ठिकाणी आठवड्यातून एकदा, काही वॉर्डांत तीही नाही. संसर्गाचे कारण पुढे केले जाई. पण त्याहून मोठा आक्षेप रडण्याला होता. आई भेटून गेली की मूल आकांत करते, न आली तर चार दिवसांत ‘रुळते’, अशी डॉक्टर-परिचारिकांची खात्री होती. जवळ घेतल्याने मुले बिघडतात, असे सांगणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांचे पुस्तक 1928 साली आले होते.

ही खात्री 1952 मध्ये एका साध्या चित्रपटाने हलवली. मनोविश्लेषक जेम्स रॉबर्टसन यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दाखल झालेल्या दोन वर्षांच्या मुलीचे चित्रण केले. ती फारशी रडतही नाही. ओठ आवळून, आईबद्दल विचारत दिवस काढते. लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये तो पाहून अनेक डॉक्टर चिडले. ज्याला ते रुळणे म्हणत होते, ते आधी आक्रोश, मग हताशपणा आणि शेवटी आईपासून मन तोडून घेणे आहे, हे रॉबर्टसन यांचे निदान त्यांना झोंबले.

रॉबर्टसन यांचे सहकारी, मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मुलाच्या या भीतीचा उलगडा उत्क्रांतीत शोधला. हिंस्र श्वापदांच्या प्रदेशात एकटे पडलेले मूल वाचत नसे. म्हणून एकटेपणाला, अंधाराला, अनोळखी माणसाला भिऊन मोठ्यांना बोलावणारी मुलेच तगली. चार्ल्स डार्विन यांनीही 1877 मध्ये, स्वतःच्या मुलाच्या नोंदी छापताना, अनुभवाशिवाय येणारी भीती पूर्वजांकडून आलेली असावी अशी शंका मांडली होती. 2022 मध्ये मानसशास्त्रज्ञ टोबियास ग्रॉसमन यांनी पुढचे पाऊल टाकले: माणसात मुलांचे संगोपन अनेक जण मिळून करतात, त्यामुळे अधिक भित्र्या बाळाला अधिक माया मिळाली आणि भीतीच सहकार्याला पोषक ठरली. हा तर्क अजून तपासला जात आहे, पण बाळाच्या भीतीकडे दोष म्हणून न पाहण्याची त्याची दिशा योग्य आहे.

वॉर्डाची दारे मात्र सिद्धान्ताने उघडली नाहीत. रुग्णालयातील मुलांच्या हितासाठी नेमलेल्या सरकारी प्लॅट समितीच्या 1959 च्या अहवालाने पालकांना केव्हाही भेटू द्यावे, लहान मुलांसोबत आईला राहू द्यावे, अशी शिफारस केली. रुग्णालयांनी ती सावकाश मानली. 1961 मध्ये मातांनी संघटना काढून पाठपुरावा सुरू केला. आज ब्रिटनमध्ये मुलाच्या खाटेशेजारी पालकाने रात्र काढणे ही नित्याची गोष्ट आहे.