एकाचा फरक

बँकेत चिकटलेल्या माणसाला एक गोष्ट फार लवकर कळते. लाखाचा फरक पाच मिनिटांत सापडतो, एका रुपयाचा फरक रात्री साडेनऊपर्यंत सापडत नाही. लाखाची चूक लांबूनच हात करून बोलावते. रुपया मात्र कुठल्या तरी व्हाउचरच्या आड बसून आपली गंमत बघत असतो. बरं, आपल्याच खिशातला रुपया टाकून मोकळं व्हावं म्हटलं, तर ते नियमात बसत नाही.

आमच्या शाखेचे कॅशियर आणि मी यांच्यात एकदा असाच एकाचा फरक आला आणि आठ दिवस आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला नाही. फरक रोकडीत नव्हता. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेचे एकूण भाग किती, असा तो गहन प्रश्न होता. काका (शाखेत शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणत) म्हणत होते ७९. मी म्हणत होतो ८०.

आता या मालिकेशी आम्हां दोघांचं काय नातं, असं तुम्ही विचाराल. त्याचं असं आहे, १९८०च्या दशकात दूरदर्शन रविवारी सकाळी ही मालिका दाखवत असे. काका तेव्हा ऐन तारुण्यात होते आणि मी शेजाऱ्यांच्या सतरंजीवर पुढच्या रांगेत. एंटरप्राइज नावाचं यान, त्याचा कॅप्टन कर्क, चिडका डॉक्टर मॅकॉय आणि टोकदार कानांचा, कधीही न हसणारा स्पॉक. इंग्रजी मला ओ की ठो कळत नव्हतं, पण कान कळत होते. पुढे वीस वर्षांनी नोकरीला लागलो आणि डब्याच्या वेळी काकांनी सहज एक भुवई उंचावली. मी म्हटलं, "स्पॉक!" झालं. त्या दिवसापासून आमच्या डब्यात भाजी-पोळीबरोबर हे तिसरं तोंडीलावणं आलं.

"मीठ दे," काका म्हणायचे, आणि मी पुडी पुढे केली की प्रश्न टाकायचे, "डॉक्टर मॅकॉयची हत्यारं कशाची?" उत्तर मिठाचंच. ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर जो पहिला भाग लागला, त्यात माणसाच्या अंगातलं मीठ शोषून घेणारा एक प्राणी आहे. त्याच्यासाठी जेवणाच्या टेबलावरच्या मीठ भुरभुरायच्या डब्या आणल्या. त्या इतक्या भविष्यकाळातल्या दिसायला लागल्या, की ही मिठाची डबी आहे हे प्रेक्षकांना कळेना होईल अशी भीती पडली. मग साध्या डब्या वापरल्या आणि या नव्या डॉक्टरच्या पेटीत गेल्या. तेविसाव्या शतकातलं वैद्यकशास्त्र ते असं.

मग माझी पाळी. "इंजिनियर स्कॉटीच्या उजव्या हाताला बोटं किती?" चार. ते काम करणारे जेम्स डूहन कॅनडाच्या तोफखान्यात होते. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले, त्या दिवशी त्यांना गोळ्या लागल्या आणि मधलं बोट गेलं. मालिकेत तो हात ते शक्यतो कॅमेऱ्यापासून लपवत. हे ऐकून काका बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. आयुष्यभर नोटा मोजलेल्या माणसाला बोटाची किंमत वेगळी असते.

आमच्या धंद्याला टोचणारी प्रकरणंही पुष्कळ. प्रायोगिक भागात कर्कच्या नावाने एक थडगं उभारलेलं दिसतं, त्यावर 'जेम्स आर. कर्क' असं कोरलंय. नंतर साहेब जन्मभर 'जेम्स टी. कर्क'! आमच्याकडे असा चेक आला असता तर तो बघता बघता परत गेला असता. खान नावाचा खलनायक १९६७ साली पहिल्या हंगामात येऊन गेला. गोष्टीत तो उत्तर हिंदुस्थानातला शीख असावा असा तर्क करतात, आणि काम करणारा नट जन्माने मेक्सिकोचा. हाच खान १९८२च्या चित्रपटात चेकॉव्हला बघताक्षणी ओळखतो. आता चेकॉव्ह मालिकेत आला दुसऱ्या हंगामात! ज्या माणसाचं नाव हजेरीपटावर नाही, त्याला याने बघितलं कधी? चाहत्यांनी तोडगा काढला, की तो यानावर होताच, पण दुसऱ्या खात्यात होता. हे मला पटलं. आमच्याकडेही लोनवाल्यांना कॅशवाले दिसत नाहीत.

तारखांचं तर विचारूच नका. यानाच्या रोजनिशीतल्या 'स्टारडेट' पुढे-मागे कशाही पळतात. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी, पूर्वाश्रमीचे लॉस एंजेलिसचे पोलीस. त्यांनी खुलासा केला, की ही तारीख यानाच्या जागेवर आणि वेगावर अवलंबून असते. आणि वर कबूलही केलं, की या खुलाशाचा अर्थ मलाही नीटसा कळलेला नाही. ऑडिटरसमोर इतकं प्रामाणिक उत्तर देणारा अधिकारी मी पाहिलेला नाही.

तुम्ही म्हणाल, रिकामटेकडे धंदे. आमच्या घरीही हेच मत आहे. पण जरा त्या काळच्या अमेरिकेत डोकावून बघा. दुसऱ्या हंगामातच मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली. आकडे बघणाऱ्यांच्या हिशेबी प्रेक्षक कमी भरत होते. तेव्हा बीजो ट्रिंबल नावाची एक चाहती आणि तिचा नवरा पत्रं घेऊन बसले. दहा जणांना लिहा, त्यातल्या प्रत्येकाला आणखी दहा जणांना लिहायला सांगा, आणि मुख्य म्हणजे छापील मजकूर नको, प्रत्येकाने आपापल्या शब्दांत लिहा. एनबीसीच्याच मोजणीप्रमाणे पत्रं लाखाच्या वर गेली. १ मार्च १९६८ रोजी, मालिका चालू राहणार, असं वाहिनीला पडद्यावरून जाहीर करावं लागलं. ही पत्रं लिहिणारे कोण? थडग्यावरचं अक्षर वाचणारे, तारखांची टाचणं ठेवणारे. ज्याने इतक्या बारकाईने पाहिलंय तोच पदरचं तिकीट लावून पत्र टाकतो.

वाहिनीने सूड उगवला तो असा, की तिसऱ्या हंगामाला शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली. तरुण पोरं त्या वेळी घरी थोडीच सापडतात! ३ जून १९६९ रोजी शेवटचा भाग लागला. २० जुलैला माणूस चंद्रावर उतरला. अवघे ४७ दिवस कळ काढली असती तर!

खातं बंद झालं. पण चाहत्यांच्या वह्या बंद झाल्या नाहीत. ठिकठिकाणच्या केंद्रांवरून जुने भाग पुन्हा पुन्हा लागू लागले, पुन्हा पुन्हा चुका सापडू लागल्या. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात मेळावा भरला. काहीशे माणसं येतील या अंदाजाने खुर्च्या मांडल्या, आणि तीन हजारांवर आली. १९७६ साली पुन्हा पत्रांचा पाऊस पडला आणि पहिल्या स्पेस शटलला 'एंटरप्राइज' नाव मिळालं. ते शटल चाचण्यांपुरतंच होतं, अवकाशात कधी गेलं नाही, हा भाग निराळा. १९७९ साली चित्रपट निघाला, त्यात आपल्या मुंबईच्या पर्सिस खंबाटा चक्क डोक्याचा गोटा करून आल्या.

तर, ७९ की ८०? नवव्या दिवशी काका स्वतःच माझ्या टेबलाशी आले, डबा ठेवला आणि म्हणाले, "सापडला रे तुझा एक." १९६६च्याही आधी रॉडनबेरींनी एक भाग करून दिला होता, 'द केज'. डोक्याला ताण देणारा म्हणून वाहिनीने तो नाकारला. त्यातले तुकडे पुढे दुसऱ्या दोन भागांत वापरले. अखंड भाग लागला तो १९८८ साली. म्हणजे व्हाउचर झालं होतं, लेजरला पोस्टिंग नव्हतं. त्यांचे ७९ बरोबर आणि माझे ८०ही बरोबर. त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या डब्यातली काकूंच्या हातची पुरणपोळी दिली.

काका निवृत्त होऊन काही वर्षं झाली. मागच्या वर्षी काकू गेल्या. मी भेटायला गेलो, तासभर बसलो, आणि दोघांनाही एक शब्द सुचला नाही. पुढच्या रविवारी सकाळी फोन वाजला. हॅलो नाही, काही नाही. "स्कॉटीच्या उजव्या हाताला बोटं किती?" मी म्हटलं, "चार." "बरोबर," म्हणाले आणि फोन ठेवला.

तेव्हापासून दर रविवारी एक प्रश्न येतो. परवा विचारलं, "एकूण भाग किती?"

मी म्हटलं, "७९, काका."

"चूक," काका म्हणाले. "८०."