दुःखातील विश्वास : ख्रिस्ती कृपाविचार आणि पंडिता रमाबाई

देव दयाळू आहे आणि सर्वसत्ताधीशही आहे, असे मानणाऱ्या प्रत्येक श्रद्धेपुढे एक प्रश्न अटळपणे उभा राहतो : मग निरपराध माणसाच्या वाट्याला दुःख का यावे? तो थांबवू शकत असूनही थांबवत नसेल तर त्याची दया कोठे गेली, आणि थांबवू शकत नसेल तर त्याची सत्ता कसली? ख्रिस्ती धर्मविचाराने जवळजवळ दोन हजार वर्षे या प्रश्नाशी झुंज घेतली आहे. या परंपरेने दिलेला प्रतिसाद 'देवाची इच्छा' या दोन शब्दांत गुंडाळून ठेवण्याची सवय ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती अशा दोघांनाही जडलेली दिसते. वस्तुतः तो प्रतिसाद याहून कितीतरी अधिक गुंतागुंतीचा, आणि अधिक कृतिशीलही आहे. त्याचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. ते म्हणजे पंडिता रमाबाई सरस्वती (१८५८-१९२२) यांचे जीवन.

सार्वभौमत्व म्हणजे नियती नव्हे

देवाचे सार्वभौमत्व म्हणजे सृष्टीतील कोणतीही घटना त्याच्या सत्तेबाहेर नाही, हा विश्वास. वरकरणी ही कल्पना नियतीच्या किंवा विधिलिखिताच्या कल्पनेसारखी भासते. तथापि दोहोंत मूलभूत अंतर आहे. नियतीला चेहरा नसतो. तिच्याशी बोलता येत नाही, भांडता येत नाही. ख्रिस्ती श्रद्धेतील देव मात्र पिता आहे. १५६३ मध्ये जर्मनीत सिद्ध झालेल्या 'हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी' या प्रॉटेस्टंट ग्रंथात पाऊस आणि अवर्षण, आरोग्य आणि आजार हे योगायोगाने नव्हे, तर पित्याच्या हातून येतात, असे सांगितले आहे. त्यातील भर 'पित्याच्या' या शब्दावर आहे.

देव दुःख घडवतो की घडू देतो, यावर मात्र ख्रिस्ती पंथांत मतभेद आहेत. सोळाव्या शतकातील जॉन कॅल्व्हिन यांच्या परंपरेने ईश्वरी संकल्पावर भर दिला, तर अठराव्या शतकातील जॉन वेस्ली यांच्या परंपरेने मानवी इच्छास्वातंत्र्याला अधिक वाव दिला. कॅथलिक पंथाच्या वतीने पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ मध्ये केवळ मानवी दुःखाच्या अर्थावर एक स्वतंत्र धर्मपत्र लिहिले. मतभेद असे असले, तरी दुःख हे देवाच्या अनुपस्थितीचे लक्षण नव्हे, याविषयी बहुतेकांचे एकमत आढळते.

बायबल काय सांगते?

या संदर्भात सर्वप्रथम आठवतो तो जुन्या करारातील ईयोब. हा सज्जन मनुष्य संपत्ती, मुले आणि आरोग्य असे सारेच गमावून बसतो. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे मित्र त्याच्या सांत्वनासाठी येतात आणि पाप केल्यावाचून असे दुःख वाट्याला येत नाही, असे त्याला पटवू पाहतात. ईयोब ते मान्य करीत नाही. तो देवालाच जाब विचारतो. अखेरीस देव वावटळीतून बोलतो, पण दुःखाचे कारण सांगत नाही. सृष्टीच्या अथांगतेविषयी तो ईयोबालाच प्रश्न विचारतो. विशेष म्हणजे ग्रंथाच्या शेवटी देवाचा रोष ओढवतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू मांडू पाहणाऱ्या मित्रांवर.

नव्या करारातही हेच सूत्र आहे. जन्मांध मनुष्याकडे बोट दाखवून शिष्य येशूला विचारतात, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही शक्यता नाकारतो (योहान, अध्याय ९). शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी नव्हती, असे तो स्पष्टपणे बजावतो (लूक, अध्याय १३). दुःखाचा हिशेब मांडून दुःखिताला अपराधी ठरविण्याची वाटच येथे बंद केली आहे.

प्रेषित पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (अध्याय १२) कृपेचा विचार येतो. शरीरात सलणारा एक काटा दूर व्हावा म्हणून पौलाने तीनदा प्रार्थना केली. काटा निघाला नाही. त्याऐवजी आपली कृपा त्याला पुरेशी असल्याचे आश्वासन त्याला मिळाले. हा काटा म्हणजे नेमके काय, हे पौल सांगत नाही. म्हणूनच की काय, प्रत्येक काळातील दुःखी वाचकाला तेथे आपले दुःख ठेवता आले. येथे कृपा म्हणजे संकटातून सुटका नव्हे. संकटात लाभणारी सोबत होय.

आठ वर्षांत पाच मृत्यू

या विचाराची कसोटी ग्रंथात लागत नाही, आयुष्यात लागते. अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण. पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला होता. २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांतच गेले. पुढे दुष्काळ पडला, जवळचे द्रव्य संपले, आणि १८७४ च्या सुमारास वडील, आई व थोरली बहीण अल्पावधीत एकापाठोपाठ एक निवर्तली. आपण हिला देवाच्या हाती सोपविले आहे, तिने आयुष्यभर त्याचीच सेवा करावी, असे वडिलांनी अखेरच्या दिवसांत सांगितल्याचे रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे.

बंधू श्रीनिवास यांच्यासह पायी भ्रमंती करीत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवास गेले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबिहारी पटकीने दगावले. चोविसावे वर्षही पुरे होण्याआधी रमाबाई आईबाप, बहीण, भाऊ आणि पती अशा पाच जिवलगांना पारख्या झाल्या होत्या. पदरात एक वर्षाचीही नसलेली मुलगी होती.

धर्म सापडला, पण...

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. वैद्यकीय शिक्षण घेण्याचा त्यांचा मानस होता. परंतु ऐकू कमी येऊ लागल्याने तो सोडून द्यावा लागला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनीमंडळाच्या आश्रयास असताना समाजाने टाकलेल्या स्त्रियांची तेथील भगिनी करीत असलेली सेवा त्यांनी पाहिली. विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी संवाद करणाऱ्या येशूची कथा त्यांनी याच सुमारास ऐकली, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तथापि हा विश्वास म्हणजे अंधानुकरण नव्हते. भगिनी जेराल्डाइन आणि चेल्टनहॅमच्या महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाई चर्चच्या शिकवणुकीतील एकेका मुद्द्यावर निर्भयपणे वाद घालताना दिसतात. देवापुढे नमणे आणि माणसांच्या अधिकारापुढे नमणे यांत त्यांनी कधी गल्लत केली नाही.

१९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट नमूद केली आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता, अशा आशयाचे ते निवेदन आहे. त्या काळात बुद्धीला पटलेल्या तत्त्वांनी मनाला शांती दिली नाही. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचल्यावर, १८९१ च्या सुमारास, कृपा ही कमवायची नसून स्वीकारायची असते, असा त्यांचा अनुभव झाला. तीर्थयात्रा, व्रते आणि दानधर्म करूनही ज्यांचे कुटुंब उपासमारीने उद्ध्वस्त झाले, अशा स्त्रीच्या दृष्टीने या अनुभवाचे मोल किती असेल, याची कल्पना करता येते.

दुष्काळाला दिलेले उत्तर

१८८९ मध्ये मुंबईत स्थापन झालेले आणि पुढच्याच वर्षी पुण्यास हलविलेले 'शारदा सदन' हे विधवांच्या शिक्षणाचे केंद्र होते. मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे वळविला जातो, या आरोपावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी मंडळींनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. 'केसरी'ने कठोर टीका केली. ज्या पुण्याने १८८२ मध्ये त्यांचे कौतुक केले होते, त्याच पुण्यात त्या एकाकी पडल्या.

अशा स्थितीत १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील उपासमारीच्या वार्ता ऐकून रमाबाईंना आपल्या पौगंडावस्थेतील दिवस आठवले. तेथे जाऊन त्यांनी शेकडो अनाथ मुली आणि विधवांना सोबत आणले. पुण्यात प्लेगची साथ असल्याने त्यांना दौंड तालुक्यातील केडगावच्या शेतजमिनीवर हलविण्यात आले. तेथेच १८९८ मध्ये 'मुक्ती सदन' उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि आश्रितांची संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली.

केडगावच्या वास्तूंची नावे पाहिली, तरी त्यामागील धर्मविचार ध्यानात येतो. अत्याचारास बळी पडलेल्या आणि समाजाने 'पतित' ठरविलेल्या स्त्रियांच्या निवासाला त्यांनी 'कृपा सदन' असे नाव दिले. वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी 'प्रीती सदन' होते, आणि दृष्टिहीनांसाठी, शुभवर्तमानातील आंधळ्या बार्तीमयाच्या नावावरून, 'बार्तीमी सदन'. ज्या शब्दांवर धर्मपंडित ग्रंथ लिहितात, ते शब्द येथे दारावर लिहिले गेले.

अमेरिकेतील मित्रमंडळाने दिलेली दहा वर्षांच्या साह्याची हमी १८९८ मध्ये संपली. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे हजारो अनाथांचे संगोपन केवळ प्रार्थनेवर विसंबून करणाऱ्या जॉर्ज म्युलर यांच्या चरित्राचा रमाबाईंवर प्रभाव होता, आणि त्याच वाटेने जाण्याचे त्यांनी ठरविले. पण प्रार्थना करून त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. केडगावात विहिरी खोदल्या गेल्या, शेती आणि फळबागा उभ्या राहिल्या. विणकाम, तेलघाणी, दुग्धव्यवसाय आणि छपाई यांचे शिक्षण मुलींना मिळू लागले. सर्व काही देवाच्या हाती आहे, ही श्रद्धा त्यांना निष्क्रिय करण्याऐवजी अधिक धाडसी करीत गेली.

अखेरचा काटा

वय वाढत गेले तसा त्यांचा बहिरेपणाही वाढला. तरीही सामान्य स्त्रीला समजेल अशा सोप्या मराठीत, मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून, संपूर्ण बायबल भाषांतरित करण्याचे काम त्यांनी हाती घेतले आणि वर्षानुवर्षे चालविले. मनोरमा त्यांच्या कार्याची वारस मानली जात होती. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळीसाव्या वर्षी, तिचेही निधन झाले. रमाबाईंनी भाषांतराचे काम थांबविले नाही. ते पूर्णत्वास नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

या आयुष्याला सुखान्त म्हणता येणार नाही. ईयोबाला अखेरीस मुले आणि संपत्ती पुन्हा लाभली. रमाबाईंची एकुलती एक मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. चांगले वागणाऱ्याचे शेवटी भलेच होते, असा स्वस्त निष्कर्ष येथे काढता येत नाही.

विलापाला जागा

कृपेच्या या विचाराचा दुरुपयोगही होतो, हे मान्य केलेच पाहिजे. शोकाकुल घरात पहिल्याच दिवशी 'देवाची योजना' सांगणारे हितचिंतक ईयोबाच्या मित्रांचीच भूमिका वठवीत असतात. छळ सोसणाऱ्या स्त्रीला किंवा पिळवणूक होणाऱ्या मजुराला 'सहन करा' म्हणणे हा तर या विचाराचा विपर्यास होय. बायबलमधील स्तोत्रसंहितेचा मोठा भाग आक्रोशाने व्यापला आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर आशेचा किरणही न दाखविता अंधारातच संपते. स्वतः येशूने गेथशेमाने बागेत प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि वधस्तंभावर देवाने आपल्याला का टाकले, असा टाहो फोडला. साहजिकच ख्रिस्ती परंपरेत अश्रू हे अविश्वासाचे चिन्ह ठरत नाही.

रमाबाईंनी दुष्काळ का पडतो, याचे तात्त्विक उत्तर शोधण्यात आयुष्य वेचले नाही. आपल्याला एकेकाळी जे हवे होते, ते अन्न, आसरा आणि शिक्षण त्यांनी दुसऱ्यांच्या मुलींना दिले. दुःखाचा अर्थ लावता आला नाही तरी दुःखिताचा हात धरता येतो, आणि तो धरण्याचे बळ आपल्या स्वतःच्या पुण्याईतून येत नाही, ही त्यांची धारणा होती. ख्रिस्ती परंपरा त्यालाच कृपा म्हणते. केडगावचे 'मुक्ती मिशन' आजही निराधार स्त्रिया आणि मुलांसाठी कार्यरत आहे.